वाटाण्यामागे एक दिवस: मार्केट यार्ड ते सासवडचं शिवार, मुलांना घेऊन

घरी शिकणाऱ्या मुलांना एका दिवसात शहर आणि गाव दोन्ही दाखवायचा बेत बरेच पालक आखतात. तो कसा फिसकटतो तेही मी पुन्हापुन्हा ऐकते. सकाळी नऊला निघायचं, वाटेत नाष्ट्याला थांबायचं, भर उन्हात कुणाच्या तरी शेतावर पोहोचायचं, तासभर फोटो काढायचे आणि "इतक्या लांब आलोच आहोत" म्हणून जेजुरी, नारायणपूर किंवा पुरंदर किल्ला जोडायचा. संध्याकाळी मूल पेंगत घरी येतं. काय पाहिलं विचारलं तर गाडीतल्या वेफर्सची चव तेवढी सांगतं.

यात दोन चुका असतात. ठिकाणं फार होतात आणि क्रम उलटा होतो. खाली दिलेला क्रम पुण्यातून सासवडच्या बाजूला जाणाऱ्यांसाठी आहे. नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूरच्या कुटुंबांनी आपापला बाजार आणि आपापलं पीक घ्यावं, क्रम मात्र हाच ठेवावा: आधी शहरातला घाऊक बाजार, मग शेत, आणि शेतावरून माल निघेपर्यंत तिथेच थांबणं.

१. पंधरा दिवस आधी: एकच वस्तू निवडा

दिवसाला एकच धागा हवा. "शेती दाखवायची" हा धागा होत नाही. "आपल्या ताटातला वाटाणा कुठून आला" हा होतो. मूल पाच वर्षांचं असो वा तेरा, वाटाणा दोघांच्याही हातात मावतो.

पीक हंगाम बघून ठरवा. सासवड ज्या पुरंदर तालुक्यात आहे तिथे पावसाळ्यात, साधारण श्रावण-भाद्रपदात, वाटाण्याचे तोडे, म्हणजे शेंगांची तोडणी, चालू असतात. त्याच सुमारास सीताफळही येऊ लागतं आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत मिळतं. अंजिराचा मीठा बहार, म्हणजे गोड फळांचा हंगाम, उन्हाळ्याच्या तोंडावर असतो. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे थोड्या मोठ्या मुलांना "इथलंच अंजीर वेगळं का?" हा प्रश्नही घेता येतो. कोरडी हवा आणि निचऱ्याची मुरमाड जमीन इथून उत्तराची सुरुवात होते.

पहिल्या वेळेला वाटाणाच घ्या असं मी सांगेन. तोडायला सोपा, मोजायला सोपा, कच्चा खाता येतो, आणि आज तोडलेला माल उद्या पहाटे बाजारात असतो. हा शेवटचा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

⚠ पावसाळ्यातला दिवस निवडताना पालखीची तारीख बघून घ्या. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटातून सासवडला जाते, त्या दिवसांत हा रस्ता वाहनांसाठी बंद असतो.

२. शेतकरी शोधणे आणि फोनवर काय विचारायचं

आधी आपल्या भाजीवाल्याला विचारा. त्याला आडत्या, म्हणजे घाऊक बाजारात शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल, ठाऊक असतो आणि आडत्याला शेतकरी. शहरात भरणाऱ्या शेतकरी आठवडे बाजारात तर थेट गाठच पडते. नातेवाईकांमधूनही निघतं कुणीतरी. रस्त्याकडेच्या अनोळखी शेतात "जरा बघू का?" म्हणत शिरणं मात्र टाळा. तोड्याच्या दिवशी शेतकऱ्याला मान वर करायला सवड नसते आणि भिडेपोटी तो नाहीही म्हणत नाही.

फोनवर पुढच्या गोष्टी नीट विचारून घ्या:

- तोडा कुठल्या दिवशी आहे? आपली तारीख त्यावर ठरवायची. त्यांना आपल्या रविवारावर ओढायचं नाही.
- शेवटची फवारणी कधी झाली? मुलं शेंगा तोंडात टाकणारच. फवारणीनंतर थांबायचा काळ संपला आहे का ते स्पष्ट विचारा. उत्तर मोघम आलं तर शेतात काही खायचं नाही, असं मुलांना आधीच सांगून ठेवा.
- विहीर किंवा शेततळं आहे का, आणि त्याला कुंपण आहे का?
- संडासाची सोय कुठे?
- गाडी किती वाजता भरते?

पैशांचंही याच फोनवर बोला. "दादा, आम्ही पाच किलो वाटाणा तुमच्याकडूनच घेऊ, त्या दिवशीच्या भावाने, आणि मुलांमुळे तुमचा वेळ जाईल त्याचे एवढे वेगळे देऊ." आकडा आपण सांगावा. "तुम्ही म्हणाल ते" असं म्हटलं की समोरचा संकोचतो आणि काहीच घेत नाही.

किती जण येणार तेही सांगा. दोन कुटुंबं पुष्कळ झाली. आम्ही एकदा पाच कुटुंबं मिळून गेलो, बारा मुलं. ओळीतला अर्धा वेल तुडवला गेला. शेतकरी वहिनी काही बोलल्या नाहीत, पण पडलेल्या वेलींकडे त्या ज्या नजरेने बघत होत्या ती मी विसरलेले नाही. त्यानंतर चार मुलांवर कधी गेले नाही.

✔ तपासा: तोड्याचा दिवस, फवारणी, पाण्याची जागा, गाडीची वेळ. यातलं एकही कळलं नसेल तर दिवस पुढे ढकला.

३. आदला दिवस: दारावरचा भाव लिहून ठेवा

खरी सुरुवात इथे होते आणि हीच पायरी सगळे गाळतात. आदल्या संध्याकाळी मुलाने स्वतः जाऊन गल्लीतल्या भाजीवाल्याकडून पाव किलो वाटाणा विकत आणायचा. किलोचा भाव वहीच्या पहिल्या ओळीत लिहायचा. उद्याचे सगळे आकडे या आकड्याशी ताडून बघायचे आहेत. तो नसला तर बाजारातला भाव ऐकून मुलाला काहीच वाटत नाही.

वही एकच, सगळ्यांत मिळून. छापील प्रश्नपत्रिका करून नेऊ नका. हातात कागद असलेलं मूल समोरचं बघत नाही, कागदातल्या रिकाम्या जागा भरत बसतं.

कामं वाटून द्या. सर्वांत मोठ्याकडे पैसे आणि वही, मधल्याकडे घड्याळ आणि ताणकाटा, धाकट्याकडे वासांची जबाबदारी: कुठे कसला वास आला ते त्याने लक्षात ठेवायचं. हे शेवटचं गमतीचं वाटेल, पण पाच वर्षांच्या मुलाला बाजार आणि शेत यांतला फरक सगळ्यात आधी नाकालाच कळतो.

पिशवीत: पाणी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, सुटे पैसे, ताणकाटा, दोन कापडी पिशव्या, जादा कपड्यांचा जोड, घाटात मळमळणाऱ्यांसाठी लिंबू आणि आलेपाक. पायात बंद बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे. अंजिराच्या बागेत जाणार असाल तर पूर्ण बाह्या हव्यातच, कारण अंजिराचा चीक कातडीला लागून वर ऊन पडलं की पुरळ उठतं.

आणखी एक तयारी. कामाच्या दिवशी मुलं बाहेर दिसली की दहा जण विचारणार, "आज शाळा नाही का रे?" बसमध्ये, बाजारात, गावात, सगळीकडे. मुलाचं उत्तर आधी ठरवून ठेवा: "आम्ही घरी शिकतो, आज बाजार शिकायला आलोय." एवढंच. आपण मोठ्यांनी तिथे होमस्कूलिंगवर भाषण सुरू केलं की मूल अवघडतं आणि समोरचा माणूस आपलं काम सोडून वाद घालत उभा राहतो. ती चर्चा त्या दिवसापुरती घरी ठेवा.

४. पहाटे साडेपाच: मार्केट यार्ड

गुलटेकडीचं मार्केट यार्ड उजाडण्याआधीच जागं असतं. सात-साडेसातनंतर गेलात तर उरलेला माल आणि झाडलोट दिसेल. सुट्टीचा वार आणि आवकेचा अंदाज आदल्या दिवशी विचारून घ्या. रविवारी आवक मोठी असते, पण गर्दीही तशीच. लहान मुलांसाठी आठवड्यातला मधला दिवस बरा. होमस्कूलिंगचा हा फायदा आपल्याला आहे, तो वापरावा.

आत शिरण्याआधी स्वारगेटला लघवी-पाणी उरकून घ्या. मग सरळ तरकारी विभागात. फुलं, फळं, कांदा-बटाटा यांच्याकडे वळू नका. मुलं हट्ट करतील. "आज वाटाणा" एवढंच सांगा.

⚠ हमालांच्या वाटेत उभं राहू नये. डोक्यावर पोतं असलेल्या माणसाला खालचं मूल दिसत नाही, आणि हातगाडी झटकन थांबत नाही. धाकट्याचा हात सोडायचा नाही. गाळ्याच्या कडेला भिंतीला लागून उभं राहायचं. "बाजू बाजू" ऐकू आलं की आधी सरकायचं, मग बघायचं.

इथे तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, नाव. शेतकरी वाटाणा म्हणतात, पुण्याच्या बाजारात मटार. मुलाला दोन्ही शब्द ठाऊक हवेत, नाहीतर ते भावाच्या फळ्यावर वाटाणा शोधत राहील.

दुसरी, भाव कसा बोलतात. इथे फळभाज्यांचा भाव दहा किलोंवर सांगतात, पालेभाज्यांचा शेकडा जुडीवर. "सहाशे" ऐकून मूल दचकतं, मग भागाकार करतं. तो त्याला करू द्या, आपण उत्तर देऊ नका.

तिसरी, माल कुठला. आडत्याला किंवा हमालाला नम्रपणे विचारायचं, "काका, हा पुरंदरचा का बाहेरचा?" हंगामाप्रमाणे हिमाचल, मध्य प्रदेश, पंजाबकडूनही मटार येतो. गाडी कुठून आली, किती तास लागले, शेंग कशी दिसते, हे शेजारी शेजारी बघायला मिळालं तर दहा मिनिटं तिथेच थांबा.

एका गाळ्यावर दोन प्रश्न, त्याहून जास्त नाहीत. आणि लिलाव किंवा सौदा चालू असताना अजिबात बोलायचं नाही. तो संपल्यावर विचारलं की बहुतेक आडते मुलांशी आपुलकीने बोलतात, शेतकऱ्याला मिळणारी हिशोबपट्टी कशी असते तेही दाखवतात. पट्टी दाखवली तर नीट बघा: वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं. "आडत्या शेतकऱ्याकडून कमिशन कापतो" असं आपण मुलांना जुन्या आठवणीवरून सांगतो. राज्यात २०१६ पासून फळं-भाज्यांची आडत, म्हणजे हे कमिशन, खरेदीदाराकडून घ्यायचा नियम आहे. तेव्हा पट्टीवर काय दिसतं ते मुलालाच वाचू द्या.

✔ निघण्याआधी तपासा: वहीत दोन भाव हवेत, दारावरचा आणि बाजारातला, दोन्ही किलोवर आणलेले. सव्वासातला बाहेर पडा.

५. घाट: शहर कुठे संपतं?

स्वारगेट किंवा हडपसरहून सासवडला एसटी आणि पीएमपीच्या बस जातात. साधारण तीस किलोमीटरचा रस्ता आहे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धं, हा हिशोब मुलांना करायला द्या. स्वतःची गाडी असली तरी एकदा तरी बसने जा. बसमध्ये बाजारातून रिकाम्या पाट्या घेऊन परतणारी माणसं भेटतात, तुमच्या दिवसाचा धागा तिथेही चालू राहतो.

दिवे घाटाच्या रुंदीकरणासाठी वाहतूक थांबवल्याच्या बातम्या येत असतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. दुसरी वाट बोपदेव घाटाची, कोंढव्यावरून.

प्रवासात मुलांना एकच काम: शहर कुठे संपलं ते ठरवायचं. हडपसर, फुरसुंगी, उरुळी देवाची, वडकी. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. एक म्हणेल शेवटची उंच इमारत दिसली तिथे, दुसरा म्हणेल पहिलं पीक दिसलं तिथे, पण त्या पिकामागे गोदामही असतं. भांडू द्या. मला स्वतःला याचं नक्की उत्तर सांगता येत नाही.

घाट चढताना उजव्या-डाव्या खिडकीतून मस्तानी तलाव दिसतो का ते बघा. कापलेल्या कड्यात खडकाचे आडवे थर दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आलेल्या लाव्हाचे ते थर आहेत. एवढं एक वाक्य पुरे. घाटात पोट ढवळत असलेल्या मुलाला भूगर्भशास्त्र शिकवू नये.

⚠ स्वतःच्या गाडीने असाल तर वळणांवर थांबू नका. वर पठारावर आल्यावर मोकळी जागा बघून दहा मिनिटं थांबा, मागे वळून पुणं बघा, मग पुढे.

६. शेत: आधी हात, मग प्रश्न

साडेनऊ-दहाला बांधावर पोहोचलात तर वेळ बरोबर साधली. पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटं मोठ्यांनी एकट्याने शेताला फेरी मारा. मुलं गाडीजवळ किंवा झाडाखाली.

⚠ ही फेरी शेततळ्यासाठी आहे. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो. तो ओला झाला की इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. मूल वाकून पाणी बघायला गेलं की संपलं. कुंपण असो वा नसो, हद्द ठरवून द्या: "त्या बाभळीच्या पलीकडे पाऊल नाही." विहिरीचंही तेच, मोटारीच्या स्टार्टरचंही तेच. आणि एका मोठ्या माणसाचं काम दिवसभर फक्त मुलांवर लक्ष ठेवणं. त्याने फोटो काढायचे नाहीत.

आता मुलांना तोडणी करणाऱ्या बायकांच्या शेजारी बसवा. प्रश्न विचारायला लावू नका. "विचार ना काकूंना!" असं कोपराने ढोसलं की मूल गप्प होतं. अर्धा तास हात चालू द्या. शेंग एका हाताने ओढली की वेल उपटतो, म्हणून दुसऱ्या हाताने देठाजवळ धरायचं, हे कुणीतरी मावशी दाखवतीलच. भरलेली शेंग कोणती, कोवळी कोणती, हे बोटांना कळायला वीस-पंचवीस शेंगा लागतात. मग प्रश्न आपोआप फुटतात: दिवसाला किती किलो तोडता? पाठ दुखत नाही का? हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, किती?

अर्ध्या तासानंतर दोन प्रयोग करा, दोन्ही परवानगी घेऊन.

तोडे संपत आलेला एखादा वेल मुळासकट उपटू द्या. मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांतले जीवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबीसर दिसली तर ती काम करते आहे. वाटाण्यानंतर त्या रानात दुसरं पीक का घेतात, हे शेतकरी दादांना इथे विचारावं.

दुसरा प्रयोग, एक किलो शेंगा ताणकाट्याला लावा, सोला, आणि दाणे पुन्हा तोला. किती भरले ते वहीत लिहा. दारावरचा भाव शेंगांचा होता. दाण्यांचा किती पडला?

७. दुपार: काहीही करू नका

इथे पालकांचा धीर सुटतो. बारा वाजले, मुलं रेंगाळू लागली, की "चला, जेजुरी करून येऊ" अशी ऊर्मी येते. जाऊ नका. सावलीत भाकरी खा, शेतकऱ्याच्या घरून आग्रह झाला तर त्यांच्यात बसा. शहरातून निघताना घेतलेली खारी किंवा टोस्टचा पुडा त्यांच्या घरात द्या, मुलांच्या हातावर नोटा ठेवू नका. नंतर धाकट्यांना झोपू द्या. मोठ्यांना कंटाळा आला तर येऊ द्या. मातीत काटकीने रेघा ओढणारं मूल वाया जात नसतं. फार तर सासवडला कऱ्हा नदीकाठच्या संगमेश्वर मंदिराच्या थंड दगडांवर तासभर बसून या. तिथेही माहिती सांगू नका.

चारच्या सुमारास परत बांधावर. आता पोती भरतात, तोंडं शिवतात, वजनं होतात. गावातली मुलं पाचला शाळेतून येतात, आणि दिवसातला सर्वांत चांगला तास हा असतो. सकाळपासून मोठ्यांशी अदबीने वागलेली आपली मुलं त्यांच्याबरोबर सुटतात. आमच्या मुलीला तिथल्या एका मुलीने वाटाण्याच्या शेंगेची पिपाणी करून वाजवायला शिकवली. ते मला कुठल्याही आखणीत लिहिता आलं नसतं. आपल्या मुलांना तुम्ही गावाकडच्यांना शिकवायला पाठवलेलं नाही, हे मनात पक्कं ठेवा आणि दूर बसा.

मग गाडी भरते. ती कुठे चालली आहे, मुलाला विचारा. पहाटे आपण उभे होतो तिथेच. जेवण झाल्यावर लगेच परतणाऱ्यांचं हे हुकतं, आणि हे हुकलं तर सकाळची धडपड अर्धवट राहते.

✔ तपासा: घेतलेल्या मालाचे आणि ठरलेले पैसे दिले? कचरा उचलला? कुठल्या मुलाच्या खिशात न विचारता घेतलेलं काही नाही ना?

८. दुसरा दिवस: हिशोब

त्याच रात्री वही काढू नका. झोप झाल्यावर सकाळी बसा. आकडे तुमच्या वहीतले घ्या. हिशोब कसा मांडायचा ते कळावं म्हणून मी मनाचे आकडे घालते.

समजा बाजारात दहा किलोला ६०० रुपये, म्हणजे किलोला ६०. शेतकऱ्याने २०० किलो पाठवला: १२,००० रुपये. तोडणी किलोला ८ प्रमाणे १,६००. गाडीभाडं २५०. हमाली-तोलाई १००. उरले १०,०५०, म्हणजे किलोमागे पन्नासच्या आसपास. त्यातून बियाणं, खत, औषध, पाणी, वीज आणि घरच्यांचे कष्ट अजून वजा व्हायचे आहेत. दारावर आपण समजा १०० दिले.

⚠ इथे "मधले सगळे लुटतात" असा निष्कर्ष मुलाच्या हातात देऊ नका. दारावरचा भाजीवाला पहाटे उठतो, टेम्पोचं भाडं भरतो, सुकलेला माल टाकून देतो. त्यालाही त्या संध्याकाळी मुलाने जाऊन विचारावं: दहा किलोंतला किती विकला जातो, किती वाया जातो? वहीतली शेवटची ओळ त्याच्या उत्तराची.

लहान मुलांना हा हिशोब झेपत नाही. त्यांनी वाटाणे ओळीत मांडायचे: दहा दाणे म्हणजे भाजीवाल्याला दिलेले सगळे पैसे, त्यातले किती शेतात पोहोचले तेवढे बाजूला काढायचे.

आठ दिवसांच्या आत शेतकरी दादांना फोन करा. बोलायचं मुलाने. आभार मानून झाले की आपल्या गल्लीत त्यांचा वाटाणा कितीला विकला जात होता ते सांगायचं. तो आकडा त्यांच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही, आणि ते तो दोनदा विचारून घेतात.